नवरीची निळी गाडी

एक सांगा, एखादी वस्तू ‘मूळची’ असते म्हणजे नक्की कुणाच्या वेळची?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावी एक गृहस्थ आले होते. जुन्या मोटारी जमवणं हा त्यांचा छंद. वडनेरच्या फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती, वस्तीत विहार आणि विहाराच्या बाजूला टिनाच्या शेडखाली एक लांबलचक मोटार. पाहुणे तिच्याभोवती सावकाश फिरले. वाकून खालून पाहिलं. मागचं दार उघडून आत डोकं घातलं आणि डोळे मिटून वास घेतला. मग बाहेर येऊन रुमालानं हात पुसत म्हणाले, “अद्भुत आहे. शंभरीला आलेली गाडी, आणि हिला अजून कुणी बिघडवलेलं नाही. हा निळा सोडला तर.”

हा निळा सोडला तर!

तो निळा माझ्या बाबांनी लावला होता. ब्रशनं. खिडक्यांना लावतात त्या ऑइलपेंटनं. बाबा तेव्हा शाळकरी होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आत्याचं लग्न होतं. पाहुण्यांच्या लेखी तो रंग म्हणजे गाडीवर बसलेली धूळ होती. त्यांना गाडीची अर्धीच गोष्ट ठाऊक होती, म्हणून मी ती पहिल्यापासून सांगते.

हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्या शेठनं ती परदेशातून मागवली. बोटीनं मुंबईला आली आणि तिथून मालगाडीनं हिंगणघाटला. रंग पिकल्या जांभळाचा, मडगार्ड काळे. पुढे ड्रायव्हरसाठी साधा चामड्याचा बाक, मध्ये काच आणि काचेच्या मागे शेठची बैठक. ती मऊ लोकरी कापडाची. खिडक्यांना रेशमी पडदे, दाराजवळ एखादंच फूल ठेवायला इवलीशी चांदीची फुलदाणी. आणि एक नळी होती बोलायची. शेठ मागून तिला तोंड लावून बोलायचा आणि आवाज पुढे ड्रायव्हरच्या कानाशी निघायचा. माणसाकडे न बघता त्याला हुकूम सोडायची सोय पैसे मोजून करून घेता येते, हे मला त्या नळीनं शिकवलं.

माझी पणजी त्याच जिनात कामाला होती. केसांत, पापण्यांवर कापसाचे तंतू घेऊन घरी यायची म्हणतात. गाडी फाटकातून आत येताना बाया भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. पणजीनं ही गाडी आयुष्यभर पाहिली ती तशीच, भिंतीपासून.

शेठच्या मुलांना पुढे लहान आणि नव्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या. ही वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी घेतली. डॉक्टरांकडे माझे आजोबा ड्रायव्हर होते. डॉक्टर मागे बसायचेच नाहीत. मागे गुदमरतं म्हणून पुढे आजोबांच्या शेजारी बाकावर बसायचे. खेड्यापाड्यांत रोगी पाहायला जायचे. गाडीचा विजेवरचा हॉर्न त्यांच्याच काळात बंद पडला. तेव्हा आजोबांनी एका ट्रकवाल्याकडून रबरी फुग्याचा पितळी भोंपू आणून उजव्या दाराबाहेर बसवला. असा हा दुसरा मालक. त्यानं गाडीत फक्त एक भोंपू वाढवला.

डॉक्टर थकले आणि लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा गाडी भंगारवाला न्यायला आला होता. आजोबा मध्ये पडले. म्हणाले, त्याला देता त्या भावात मला द्या. घरी येऊन त्यांनी हे आजीला सांगितलं तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, “ठेवान कुठी? माह्या डोक्यावर?”

आजोबांना ती एकट्यासाठी नकोच होती. त्यांनी वस्तीत बैठक घेतली. कुणी मजुरीतून दिलं, कुणी ज्वारी दिली, कुणी नंतर देतो म्हणून दिलंच नाही. गाडी वस्तीची झाली. आजही ती तशीच आहे, सगळ्यांची, म्हणून कुणा एकाला ती विकता येत नाही.

वस्तीला गाडी कशाला हवी होती? वरातीला. आमच्या वस्तीची वरात गावच्या चौकातून जायची नाही, मागच्या पांदणीनं जायची, गुडघाभर चिखलातून. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण चौकातल्या पारावर जी माणसं बसायची त्यांना ते पाठ होतं आणि आम्हालाही. पायी आलेल्या वरातीला अडवता येतं, बैलगाडीला अडवता येतं. पण शेठची म्हणून सगळा तालुका जिला ओळखतो, ती मोटार पांदणीत शिरूच शकत नाही. ती रस्त्यानंच जाणार. आजोबांचा हिशेब इतका साधा होता.

पण त्याआधी एक अडचण निघाली. गाडीच्या अगदी पुढे, पाण्याच्या टाकीच्या टोपणावर एक बाई होती. चकाकत्या धातूची, वीतभर, पंख पसरून पुढे झुकलेली. दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती. घरोघरचे देव वेणा नदीत सोडून झाले होते, देवी-देवतांना मानणार नाही अशी प्रतिज्ञा सगळ्यांनी मोठ्यानं म्हटली होती. आणि आता वस्तीची पहिली मोटार, तिच्या नाकावर ही!

आजोबा समजावून थकले. “अबे, देवी नोहे थे. शोभेची बाई हाय. इंग्रजाईची फ्याशन हाय.”

वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, “पंख हायेत, हात पसरून हाय, सगळ्याच्या पुढं उभी हाय. देवी नाई त काय शेठची बायको हाय?”

झालं. त्याच गाडीतून पाच-सात माणसं हिंगणघाटला गेली आणि बाईला वेणेत सोडून आली. तिच्याबरोबर टाकीचं टोपणही गेलं, कारण ती त्यालाच जडलेली होती. परत येताना इंजिन तापलं आणि उघड्या टाकीतून वाफेचा लोट काचेवर येत राहिला. कुणी तरी लाकडाचं बूच तासून त्याला चिंधी गुंडाळली आणि ठोकून बसवलं. ते बूच अजून तिथेच आहे.

त्या पाहुण्यांनी सगळ्यांत आधी हेच विचारलं होतं. “इथली मूर्ती कुठे आहे? पंखांची?”

वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष नात्यानं माझे काका लागतात. ते छाती काढून म्हणाले, “नदीत सोडली.”

“नदीत?” पाहुणे खरोखर मडगार्डला धरून उभे राहिले. “कुठे? कोणत्या पुलापाशी?”

“साहेब,” काका म्हणाले, “देव सोडताना जागा ध्यानात ठेवत नसतेत. ध्यानात राह्यली त सोडला कायचा?”

पाहुणे हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. तो माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्यांना ती गाडी मनापासून आवडली होती. मला राग आला तो त्यांना ती कुठपर्यंत आवडली होती त्याचा.

तर आत्याचं लग्न. त्या गाडीतून निघालेली पहिली नवरी ती. नवऱ्याचं गाव लांब नव्हतं, पण रस्ता चौकातून होता. आदल्या दिवशी बाबांना वाटलं, जांभळ्या गाडीतून बहीण गेली तर बघणारा म्हणेल, शेठनं गाडी धाडली. त्यांनी दुकानातून निळा ऑइलपेंट आणला आणि संध्याकाळपर्यंत सगळी गाडी रंगवून काढली. चाकांचे आरेसुद्धा. घाईत कुठे दाट लागला, कुठे विरळ, कुठे ओघळ आले. वाळायला वेळच मिळाला नाही. आपल्याकडे नवरीला पांढरी साडी. आत्या गाडीत चढली आणि तिच्या पांढऱ्या साडीचा काठ दारापाशी निळा झाला. ती साडी मी पाहिली आहे. डाग धुतला गेला नाही, आणि धुवायचा प्रयत्न तिनं फारसा केलाही नव्हता.

मागच्या शेठच्या बैठकीवर नवरीनं बसायचं, असं कुणालाही वाटेल. आजोबांनी ते केलं नाही. मागे त्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना बसवलं, पाठराखीण म्हणून. त्यात पणजी होती. आणि आत्याला पुढे, आपल्या शेजारी. कारण त्यांच्या मनात एक गोष्ट होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

चौकात, पाराच्या अगदी समोर, त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच. खाली उतरले, दार उघडं धरलं आणि आत्याला म्हणाले, “सरक इकडं. वाजव.”

भोंपू उजव्या बाजूला होता, ड्रायव्हरच्या हाताशी. आत्या सरकली. मागून म्हाताऱ्यांना एव्हाना ती बोलायची नळी सापडली होती. त्यांतली एक नळीला तोंड लावून ओरडली, “वाजव वं! काय पाहून राह्यली?” तिचा आवाज एकदम आत्याच्या कानात फुटला. आत्यानं हात उचलला. फुग्यापर्यंत नेला. आणि हात तिथंच थिजला.

तिला रडू आलं. आजोबा दार धरून उभे राहिले, बराच वेळ. घाई केली नाही, रागावले नाहीत. मग ते आत बसले, आत्या आपल्या जागी सरकली आणि गाडी चौकातून निघून गेली. अडवलं कुणीच नाही. ठरलं होतं ते झालं. पण भोंपू वाजला नाही.

तिच्यानंतरच्या सगळ्यांनी वाजवला. तो रिवाजच पडून गेला. चौक आला की ड्रायव्हर खाली उतरणार, नवरी सरकणार आणि तिच्या मनात येईल तितका भोंपू वाजवणार. कुणी एकदाच घाबरत घाबरत. एकीनं तर इतका वाजवला की नवरदेवाकडचे लोक गाडी बिघडली समजून धक्का मारायला धावत आले. मागून म्हाताऱ्या नळीतून चिडवायच्या: “सासूले आयकू येऊ दे! आणखीन, आणखीन!” त्या म्हाताऱ्यांनी त्या लोकरी बैठकीच्या स्प्रिंगा पार बसवून टाकल्या. पाहुण्यांनी तिथे हात फिरवून “फार गैरवापर झालाय” असं म्हटलं होतं. मी त्यांना सांगणार होते की या बैठकीचा खरा वापर तेवढाच काळ झाला. पण तेव्हा काकांनी मला डोळ्यांनी दाबलं.

मी गाडी चालताना पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या आधीच ती बंद पडली होती. पेट्रोल परवडेना, आजोबा गेले, मग लग्नाला जीप येऊ लागल्या आणि चौकातून जाण्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. आता तर पारावरच्या माणसांची नातवंडं आमच्या वरातीत नाचतात. मला गाडी आठवते ती शेडमधली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या घरून गावी जायचो. बाबांचा वर्ध्यात लहानसा छापखाना होता. मोर्चे, सभा, संप यांची पत्रकं ते छापायचे आणि उरलेले गठ्ठे या गाडीच्या मागच्या बैठकीवर आणून टाकायचे. मी त्यांच्यावर पालथी पडून वाचायची. अंकलिपीआधी मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. बाहेर ऊन आणि आत कागद, उंदीर अन् जुन्या चामड्याचा वास. त्या वासासाठी मी आजही काय वाटेल ते देईन.

डाव्या दाराच्या मुठीखाली निळ्या रंगात ब्रशचा एक केस अडकलेला आहे. वाळताना चिकटला असेल. लहानपणी मी तो नखानं काढायला बघायची. बाबा म्हणायचे, “राहू दे, थो माह्याच ब्रशचा हाय.” बाबा गेले, छापखाना विकला, त्यांचा आवाज कुठे जपलेला नाही, फोटोत ते नेहमी कुणाच्या तरी मागे उभे आहेत. तो केस तेवढा आहे. गावी गेले की मी आधी तिथं बोट लावते. शहाण्या माणसानं सांगावी अशी गोष्ट नाही ही, पण आहे.

आणि आत्या. तिचे यजमान वारल्यावर ती आमच्याकडेच बोरगाव मेघेला राहायला आली. आता तिची पंचाहत्तरी उलटली आहे. ती त्या चौकातल्या गोष्टीबद्दल सहसा बोलत नाही. पण रस्त्यानं एखादी वरात गेली की भाजी निवडता निवडता थांबते. एकदा मी विचारलं, “आत्या, तू घाबरली होतीस का गं?”

“घाबरली नोहती,” ती म्हणाली. “मले वाटलं, आता वाजवला की झालं. मंग मी गेली. म्हून हात पुढं जाये नाई.” आणि पुढे म्हणाली, “बाबा उभे होते नं दार धरून. त्याईले वाटलं असन, पोट्टी भेली.”

ही एवढी गोष्ट तिच्या मनात इतकी वर्षं राहिली आहे. आपण भ्यायलो नव्हतो, हे बापाला सांगायचं राहून गेलं.

पाहुण्यांनी मंडळापुढे जे ठेवलं ते सरळ होतं. गाडी त्यांना विका. ते आपल्या शहरातल्या कारखान्यात नेतील. पूर्ण खोलतील, निळा खरवडतील, खाली जो जांभळा निघेल त्याच्याशी जुळवून पुन्हा रंग देतील. नवी बाई ओतून घेतील. बैठकीचं कापड परदेशातून येईल. आणि गाडी चालेल. मंडळाला त्या पैशात मुलांसाठी अभ्यासिका बांधता येणार होती. काका आणि इतर बरेच जण राजी होते. पण आजोबांबरोबर ज्यांनी गाडी घेतली त्या पिढीतलं आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून ठरलं की पहिल्या नवरीचा शब्द शेवटचा.

मी घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, “चालू होईन काय थे?”

“होईल म्हणतात.”

“मले बसवतीन?”

“विचारलं मी. एक दिवस गाडी घेऊन गावात येऊ म्हणाले. चौकापर्यंत फिरवू म्हणाले.”

“मंग देऊन टाका,” आत्या म्हणाली.

मी काय केलं असेल? पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरांत: ‘आमचा निळा म्हणजे घाण नव्हे!’ खाली मुद्दे. ज्या रंगाखाली आमच्या लेकी पहिल्यांदा चौकातून गेल्या तो खरवडून, ज्या रंगासमोर आमच्या पणज्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या तो परत आणण्याला ‘मूळ रूप’ म्हणायचं असेल, तर ते रूप आम्हाला नको, असं बरंच काही. वस्तीत घरोघर वाटलं. आत्यानं भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं.

“चांगलं लेह्यलं,” ती म्हणाली. “तुह्या बापापेक्षा शिव्या जरा कमी हायेत.”

“मग?”

“मंग काय? तुले गाडी पाह्यची हाय, बाई. मले गाडीत बसाचं हाय.”

पत्रकात त्याचा मुद्दाच नव्हता. मी जे वाचवायला निघाले होते ते उभं होतं, आणि आत्याला हवं होतं ते चालणारं. आणि तिच्याकडे वेळ थोडा होता, माझ्याकडे पुष्कळ. मी पत्रकाचे उरलेले गठ्ठे पलंगाखाली सारले.

बैठक रविवारी सकाळी वंदनेनंतर विहाराच्या आवारात झाली. पाहुणे आले होते. आत्याला मी बोरगाव मेघेहून घेऊन गेले. तिनं बैठकीत बसायच्या आधी शेडकडे मोर्चा वळवला आणि गाडीचं डावं दार उघडायला लावलं. चढायला तिला मी आणि वस्तीतल्या एका बाईनं आधार दिला. पुढच्या बाकावर ती बसली, आपल्या जागी. पाहुणे खिडकीपाशी जाऊन नम्रपणे म्हणाले, “आजी, मागे बसा ना, आरामशीर. ही तर ड्रायव्हरची जागा.”

“मी इथंच बसत असतो,” आत्या म्हणाली. मग तिनं दाराच्या कडेवरून हात फिरवला. “साहेब, तुमी आणान त हे निळं राहीन?”

मी पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत, हे मी विसरणार नाही. म्हणाले, “नाही आजी. निळा ठेवला तर गाडी अर्धवट राहील. तिचा जो खरा रंग आहे तोच येईल.”

“अन् थे पंखावाली?”

“तीही येईल. हुबेहूब.”

आत्यानं मान हलवली. जसं काही भाजीचा भाव ऐकला. “मंग असं होईन साहेब,” ती म्हणाली. “मी चौकात येईन, मस्त जांभळ्या गाडीत, पुढं पंखावाली. पारावरचे लोक म्हणतीन, शेठची गाडी आली वं. अन् पुढच्या बाकावर थे बुढी कोण? असन शेठची मोलकरीण.”

कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

“मले नाई बसाचं त्याच्यात,” आत्या म्हणाली.

एवढंच. तिनं भाषण केलं नाही. माझं पत्रक तिनं उच्चारलंही नाही. पण तिला काय सोडावं लागलं ते मला तिच्या हातावरून कळत होतं. तो हात दाराच्या कडेवर घट्ट होता आणि उतरायची तिची इच्छा नव्हती.

काकांनी खाकरून विचारलं, “मंग अभ्यासिकेचं?”

“अभ्यासिका बांधा नं. मले काऊन विचारता? मी का तुमची गवंडी हाय?”

गावातल्या शेतकऱ्याचा एक तरुण मुलगा उभा होता, आमच्या वस्तीतल्या पोरांचा दोस्त. तो पुढे झाला. “आत्याबाई, माह्या ट्रॅक्टरनं ओढून नेतो नं चौकापर्यंत. आत्ता नेतो.” पोरं लगेच दोर शोधायला निघाली. मलाही वाटलं, हेच बरोबर. इतकं सोपं होतं तर!

आत्यानं त्याच्याकडे मायेनं पाहिलं. “बाप्पा, ओढत नेलेली नवरी पाह्यली काय कुठी? थांबा. गाडी चालू होऊन जाईन त जाईन.”

पाहुणे जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की इंजिनात पाणी शिरल्याचं दिसत नाही, जोर लावून फिरवू नका, तेल सोडून ठेवा, चांगल्या हाताला ते फिरू शकेल. स्वतः करून द्याल का, असं मी विचारलं. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “ह्या निळ्यात? माझ्याच्यानं होणार नाही हो.” ते खरं बोलले असावेत. आम्ही चहा दिला, ते गेले.

मी त्यानंतर वर्धा, हिंगणघाट, नागपूर इथल्या बऱ्याच गॅरेजांत फिरले. काही हसले. काहींनी पूर्ण खोलून नव्यानं करायची तयारी दाखवली, म्हणजे पुन्हा तेच. एकानं तर निळा बघून, “आधी ही पुट्टी काढावी लागेल,” असं म्हटलं. आत्या दर रविवारी फोनवर काकांना विचारते, शेड गळत तर नाही? हल्ली तिचा उजवा गुडघा वाकत नाही. गाडीत चढायला तिला उद्या दोघींऐवजी चौघी लागतील.

म्हणून ही विनंती, आणि ती अगदी तुम्हालाच आहे. तुमच्या ओळखीत असा एखादा मिस्त्री असेल, निवृत्त, हात अजून चांगला असलेला, जो जुनं इंजिन चालू करून देईल आणि बाहेरच्या पत्र्याला हातही लावणार नाही, तर त्याला घेऊन या. वडनेरच्या फाट्यावर निळी गाडी कुठं म्हणून विचारा, कुणीही वाट दाखवेल. येताना तुमच्या घरी त्या गाडीतून आलेली आई, आजी, मोठीआई कुणी असेल तर तिलाही आणा, मागची बैठक रिकामी आहे. अवजारं आणा, तेल आणा. रंग आणू नका. आणि कृपा करून हा पावसाळा लागायच्या आत या.